सोनौलीच्या अलीकडे

आनंदा उबाळेबरोबर मी तीन वेळा नेपाळच्या सीमेपर्यंत गेलो. मी मास्तर, बदलापुरातल्या कुळगावच्या शाळेतला. आमच्या बौद्ध मंडळाच्या यात्रा निघत, त्यांच्या याद्या, अर्ज, चिठ्ठ्या-चपाट्या माझ्याकडे असत. आनंदाकडे गाडी असे. गाडी म्हणजे बावीस जणांची मिनीबस, उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधल्या होतचंदशेठची. आनंदा त्यांचा ड्रायव्हर.

बोलणं कमी. अंगाने वाळका, खांदे पुढे झुकलेले, डोळ्यांखाली कायम काळं. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटायचं, हा आत्ताच आजारातून उठलाय. तो आजारी नव्हता, दमलेला होता. मी त्याला ओळखायला लागलो तेव्हाही दमलेला होता आणि आजही आहे. आधी अंबरनाथच्या एका रसायनाच्या कारखान्यात होता. तो त्र्याऐंशी साली बंद पडला. मग त्याने जड वाहनाचं लायसन काढलं, दोन-तीन वर्षं उल्हासनगरातून कापडाचे तागे घेऊन टेम्पो चालवला आणि नंतर होतचंदशेठच्या बसवर आला. घर बदलापूरच्याच हेंद्रेपाड्यात, दोन खोल्या. बायको मोतीबाई अंबरनाथला काडेपेटीच्या कारखान्यात जायची. आई भागीरथी घरी असायची. ती वांगणीकडच्या एका पाड्यातली, जन्मभर भातात वाकलेली बाई. छप्पन सालानंतर कधीतरी तिने घरातले देव पोत्यात भरून नदीत सोडले होते आणि भिंतीवर बुद्धाचं एक कॅलेंडर लावलं होतं. वर्षं गेली, पण तिने ते बदलू दिलं नाही. त्यावर लुंबिनीचं चित्र होतं.

पहिली यात्रा सत्याऐंशी सालची. सांची, सारनाथ, बोधगया, कुशीनगर आणि शेवटी लुंबिनी. सोळा दिवसांचा बेत. लुंबिनी परदेशात आहे हे आम्हाला माहीत होतं, पण नेपाळ म्हणजे कसला परदेश, पासपोर्टसुद्धा लागत नाही, असं सगळे म्हणत होते. माणसाला लागत नाही हे खरंच होतं. गाडीचा विचार कोणी केलाच नव्हता.

सीमेवरच्या सोनौलीला पोचलो तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. सीमेच्या कमानीपलीकडच्या भन्सार ऑफिसात, म्हणजे तिकडच्या कस्टममध्ये, खिडकीतल्या माणसाने आनंदाची कागदपत्रं एकेक करून पाहिली. आरसी बुक पाहिलं, विमा पाहिला, परमिट पाहिलं. मग विचारलं, "गाडी आपकी है?"

"नाही साहेब, शेठची आहे," आनंदा मराठीतच बोलला.

"मालिक की चिठ्ठी?"

चिठ्ठी नव्हती. तो माणूस काही उर्मट नव्हता. त्याने समजावून सांगितलं की दुसऱ्याच्या नावावरची गाडी देशाबाहेर न्यायची तर मालकाचं अधिकारपत्र हवं, नाहीतर उद्या कोणी चोरीची गाडी आणली तर आम्ही काय करायचं? यात चुकीचं काही नव्हतं. आमचे एकवीस यात्रेकरू पायी कमान ओलांडून पलीकडे गेले आणि तिथल्या लोकल बसने लुंबिनीला पोचले. मीही त्यांच्यात होतो. आनंदा बसपाशी राहिला. बावीस माणसांचं सामान, स्टोव्ह, तांदळाची पोती, सगळं गाडीत होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही परतलो तोवर तो तिथेच होता.

"कंटाळला असशील," मी म्हटलं.

"नाही गुरुजी. विचारून घेतलं सगळं."

त्या दीड दिवसात तो ट्रकवाल्यांमध्ये बसला होता. रोज ये-जा करणाऱ्या एका म्हाताऱ्या सरदारजीने त्याला सगळं सांगितलं होतं आणि आनंदाने ते पेट्रोल पंपाच्या पावतीमागे लिहून घेतलं होतं. बदलापूरला आल्यावर त्याने ते वहीत उतरवलं. अक्षर वाईट होतं, पण मुद्दा एकही सुटला नव्हता. गाडी आपली नसेल तर मालकाचं नोटरी केलेलं पत्र. प्रवाशांची नावं, वयं, दोन प्रतींत. जितके दिवस राहायचं तितक्या दिवसांचं भन्सार, म्हणजे तिथली जकात, आधी भरायचं आणि पावतीवरच्या तारखेला गाडी बाहेर काढायची, एक दिवसही जास्त नाही. तिकडेही गाडी रस्त्याच्या डाव्या बाजूनेच चालवायची. टपावर माणूस बसवायचा नाही. गाय आडवी आली तर उभं राहायचं, ती जाईपर्यंत. गाय मेली तर ड्रायव्हर सरळ तुरुंगात. आणि घड्याळ पंधरा मिनिटं पुढे. त्याच्याखाली त्याने रेघ मारली होती. आपले पावणेसहा म्हणजे तिकडचे सहा.

त्या वहीमुळे आनंदाचं नाव झालं. अंबरनाथहून, उल्हासनगरहून, कल्याणहूनसुद्धा लोक त्याला विचारायला येत. गाडी घेऊन नेपाळला जायचंय, काय काय लागेल? दिवसभर गाडी चालवून आलेला माणूस पायरीवर बसून त्यांना सगळं सांगायचा. आतून भागीरथीबाई आलेल्या लोकांना म्हणायची, "त्याला आंघोल तरी करू द्या रं."

दुसरी यात्रा नव्वद सालच्या शेवटी. या वेळी होतचंदशेठचं पत्र हवं होतं. मी आणि आनंदा त्यांच्या दुकानात गेलो. शेठ पंख्याखाली बसले होते.

"अरे साईं, लेटर क्यों मांगते हैं वो लोग? गाडी माझी, ड्रायव्हर माझा. मी बोलतो ना."

"शेठ, तुमचं बोलणं तिथे ऐकू जात नाही," आनंदा म्हणाला. त्याच्या तोंडून निघालेला हा एकच विनोद मला आठवतो आणि तोही त्याने विनोद म्हणून केला नव्हता.

शेठ हसले. पत्राचा मसुदा मी केला, टाईप करून घेतला, नोटरीचा शिक्का मारून घेतला. सोनौलीला खिडकीतल्या माणसाने तो कागद वाचला, मान हलवली, पावती फाडली. एका दिवसाचं भन्सार. संध्याकाळी सहाला, तिकडच्या सहाला, बस परत अलीकडे हवी.

आमची बस कमानीखालून गेली तेव्हा मागे बसलेल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. आनंदाने मागे वळूनही पाहिलं नाही. आदल्या दिवशी कुशीनगरच्या अलीकडे रस्त्याचं काम चालू होतं, तेव्हा त्याने अठरा तास गाडी चालवली होती आणि मग पहाटे उठून टायर बदलला होता. लुंबिनीला झाडाखाली बस लावली, ब्रेक ओढला आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवलं.

मी खांद्याला हात लावला. "आनंदा, चल. सगळे निघाले."

"तुम्ही व्हा पुढं. मी आलोच."

आम्ही तलाव पाहिला, अशोकाचा स्तंभ पाहिला, मायादेवीच्या मंदिरात गेलो. सगळ्यांनी मिळून वंदना घेतली. मी दोनदा वळून रस्त्याकडे पाहिलं. तीन तासांनी परत आलो तर तो सीटवर आडवा झाला होता, पाय दारातून बाहेर, तोंड उघडं. मी उठवलं नाही. वाटलं, अजून अर्धा तास आहे, झोपू दे, मग घेऊन जाऊ. पण त्याचीच झोप मोडली आणि पहिलं वाक्य काय, "किती वाजले?"

"पावणेपाच."

"इथले पाच." तो उठून बसला. "बसा सगळे. रस्त्यात बैलगाड्या असतात या वेळेला."

"अरे, पाच मिनिटं जाऊन ये. समोर आहे."

त्याने समोर पाहिलं. झाडांमधून स्तंभाचं टोक दिसत होतं. "इथून दिसतंय की," तो म्हणाला आणि किल्ली फिरवली. आम्ही सव्वापाचला, तिकडच्या साडेपाचला, कमानीतून बाहेर पडलो. मागे बसलेल्यांपैकी कोणाच्या लक्षातही आलं नाही की ड्रायव्हरने काही पाहिलेलं नाही. मला मात्र लाज वाटत होती. का, ते नीट सांगता येणार नाही.

घरी गेल्यावर भागीरथीबाईने त्याला विचारलं म्हणे, कॅलेंडरातल्यासारखंच आहे का? तो हो म्हणाला. मोतीबाईने नंतर मला सांगितलं, त्या दिवशी जेवताना तो आईच्या नजरेला नजर देत नव्हता.

मग चौऱ्याण्णव साल. या वेळी म्हातारी स्वतः निघाली. सत्तरी ओलांडलेली, गुडघे गेलेले. मंडळातले काही जण नको म्हणत होते, वाटेत काही झालं तर कोण बघणार? आनंदाने प्रथमच आवाज चढवला. "मी बघीन. माझ्या मागच्या सीटवर बसेल." तिने वाटेभर कसलाच त्रास दिला नाही. खिडकीशी बसायची आणि शेतं बघायची. गंगेच्या काठची भातं बघून म्हणाली, "या लोकांना आवण जवलजवल लावायची खोड हाय." आवण म्हणजे भाताची रोपं. सारनाथला, बोधगयेला आनंदा तिला हात धरून खाली उतरवायचा, पण गाडी पार्क करणं, पाणी भरणं, डिझेल बघणं, यात तिच्याबरोबर फिरणं त्याला जमायचं नाही. इतर बायका तिला घेऊन फिरायच्या. तो म्हणायचा, "लुंबिनीला मी येईन तुझ्याबरोबर. तिथं दोन दिवसांचं भन्सार भरणार आहे."

सोनौलीला आम्ही खिडकीशी उभे राहिलो. आनंदाने कागद पुढे केले. आरसी बुक, विमा, परमिट, लायसन, यादीच्या दोन प्रती, अधिकारपत्र. त्याच्या चेहऱ्यावर त्या दिवशी थोडा तजेला होता. दाढी केली होती, धुतलेला शर्ट घातला होता.

खिडकीतला माणूस नवा होता, तरुण. त्याने पत्र वाचलं, आरसी बुक उघडलं, पानं उलटली, परत पत्र वाचलं. "दाइ," तो म्हणाला, दाइ म्हणजे दादा, "ये चिठ्ठी होतचंद की है. गाडी तो होतचंद की नहीं है."

आनंदा म्हणाला, "त्यांचीच आहे."

त्या तरुणाने बुकाचं मागचं पान उघडून दाखवलं. आठ महिन्यांपूर्वी शेठने गाडी पुतण्याच्या नावावर केली होती. नोंद होती, शिक्का होता. गाडी त्याच आवारात उभी राहायची, हुकूम शेठच द्यायचे, पण कागदावर मालक बदलला होता. आणि पत्र मी केलं होतं. नव्वद सालच्या पत्राची कार्बन प्रत काढली, तारीख बदलली, शेठची सही घेतली, नोटरी केली. मागचं पान मी उघडलंच नव्हतं. चूक माझी होती, सर्वस्वी माझी.

आम्ही एसटीडी बूथवरून उल्हासनगरला फोन लावला. पुतण्या लग्नाला जयपूरला गेला होता, चार दिवसांनी येणार होता. भन्सारमधल्या त्या तरुणाला मी हात जोडले. तो म्हणाला, "मास्टरजी, आप ही बताओ, मैं क्या लिखूँ?" मी शाळेत रोज मुलांच्या दाखल्यावरचं नाव आणि हजेरीतलं नाव जुळवतो. मी कागद गोळा केले.

बसपाशी येऊन मी आनंदाला म्हटलं, "माझ्यामुळे झालं हे."

तो टायरला टेकून उभा होता. "मीही बघितलं नाही गुरुजी. वही केली, लोकांना सांगत बसलो. सात वर्षं. आणि मागलं पान राहिलं."

रागावला असता तर बरं वाटलं असतं. पण त्याच्यात रागवायचंही त्राण नव्हतं. त्याने सवयीने सगळ्यांना सांगायला सुरुवात केली: "चला, पायी पलीकडे जायचं. तिथून लोकल बस मिळेल. पिशव्या हलक्या ठेवा. पाकिटं सांभाळा." आणि आईपाशी येऊन म्हणाला, "तू यांच्याबरोबर जा. मी गाडीपाशी आहे."

म्हातारी सीटवरून हलली नाही. "तू नाय येनार?"

"गाडी कोण बघणार?"

"मंग मी पन हितंच बसतंय. हितवर आले, बास झाला."

"आई, एवढ्या लांब आलीस..."

"तूच आनलंस ना? मंग तुझ्याबरोबरच."

बाकीची मंडळी पिशव्या घेऊन उन्हात उभी होती. मी म्हटलं, "किल्ली मला दे."

"नको गुरुजी."

"मी लुंबिनी दोनदा पाहिली आहे. गाडीत बसून राहायला लायसन लागत नाही."

"गाडीचं काही झालं तर शेठ मला..."

"शेठला मी सांगेन. पत्र मी चुकवलं, गाडी मी राखतो. दे."

त्याने लगेच दिली नाही. आधी गाडीभोवती एक चक्कर मारली, चारही टायर पाहिले, काचा वर केल्या, मागचं दार ओढून पाहिलं. हँडब्रेक कसा ओढलाय ते मला दाखवलं, जणू मी गाडी पळवून नेणार होतो. मग किल्ली माझ्या हातात ठेवली. ती गरम आणि घामाने ओली होती. आईला त्याने जवळजवळ उचलूनच खाली उतरवलं. तिचा हात धरून तो कमानीकडे चालू लागला. त्याची चाल मला ओळखता येईना. गाडीशिवाय त्याला इतकं लांब चालताना मी कधी पाहिलंच नव्हतं. शिपायाने त्यांना काहीसुद्धा विचारलं नाही. मंडळींच्या मागोमाग ती दोघं हळूहळू गेली आणि सायकलरिक्षांच्या गर्दीत दिसेनाशी झाली.

मी बसमध्ये दीड दिवस काढला. ऊन, धूळ, ट्रकांचे हॉर्न. कोणी येऊन म्हणे गाडी पुढे घ्या, मी म्हणे मला येत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी माझी पाठ अशी धरली की उभं राहवेना, आणि मी तर नुसता बसून होतो.

ते परतले तेव्हा तिसरा प्रहर होता. भागीरथीबाईची साडी गुडघ्यापर्यंत ओली होऊन वाळलेली, कडा चिखलाने माखलेल्या. "तल्यात उतरलो," ती म्हणाली. "पानी गार हाय." एवढं बोलून ती तिच्या सीटवर जाऊन बसली आणि डोळे मिटले.

आनंदाला मी विचारलं, "पाहिलंस?"

"मंदिर नाही राहिलं गुरुजी. उतरवलंय. खणकाम चाललंय, सगळीकडे पत्रे लावलेत. आत जाऊ देत नाहीत."

इतक्या वर्षांनी माणूस गेला आणि पत्रे बघून आला.

"मग आई?"

"आई म्हणाली, जल्माची जागा म्हणजे बाळंतिणीची खोली, ती झाकलेलीच बरी." त्याने टायरला हात लावून पाहिला. "स्तंभापाशी बसलो आम्ही. सकाळपासून दुपारपर्यंत. काही केलं नाही. ती बसली, मी बसलो. कोणी मला हाक मारली नाही."

त्याने हात पुढे केला. मी किल्ली दिली. त्याने काचा खाली केल्या, पाणी तपासलं आणि आम्ही गोरखपूरच्या रस्त्याला लागलो.

भागीरथीबाई पुढच्या वर्षीच्या हिवाळ्यात गेली. तिच्या जलदानविधीला होतचंदशेठ आले होते, पुतण्यालाही घेऊन. मंडळाने नंतर एका टूरवाल्याशी ठरवून रेल्वेने यात्रा नेल्या आणि आमचं बसने जाणं थांबलं. आनंदा उल्हासनगरची लग्नं, शिर्डी, महाबळेश्वर करत राहिला. सत्त्याण्णव साली लायसनच्या नूतनीकरणाची वेळ आली. ठाण्याच्या आरटीओसाठी डॉक्टरचा दाखला लागायचा. बदलापुरातला एक डॉक्टर न तपासता सही द्यायचा, सगळे ड्रायव्हर त्याच्याकडेच जायचे. आनंदा दुसऱ्याकडे गेला. भिंतीवरच्या तक्त्यातल्या खालच्या तीन ओळी त्याला वाचता आल्या नाहीत. साखरही निघाली.

"तू त्याच्याकडे का गेला नाहीस?" मी विचारलं.

"बावीस माणसं असतात मागं," तो म्हणाला.

शेठने वाईट वाटून घेतलं, एक महिन्याचा पगार जास्त दिला आणि दुसरा ड्रायव्हर ठेवला. आनंदा आता पालेगावात एका नव्या इमारतीवर वॉचमन आहे. चार मजले, सोळा बिऱ्हाडं, अर्धी अजून रिकामी. दिवसपाळी. मोतीबाईचा कारखाना अजून चालू आहे, त्यामुळे घर चालतं.

गेल्या महिन्यात मी त्याच्याकडे गेलो होतो, तेव्हा त्या इमारतीतलं एक तरुण जोडपं त्याच्यासमोर उभं होतं. नवी मारुती घेतलेली, दिवाळीत नेपाळला जायचं ठरवत होते. नवरा डायरीत लिहून घेत होता आणि आनंदा खुर्चीवर बसून सांगत होता, सावकाश, एकेक. विमा. लायसन. भन्सार किती दिवसांचं भरायचं. गाय. घड्याळ. मग म्हणाला, "आरसी बुकची सगळी पानं बघा. शेवटचं पण. गाडी कोणाच्या नावावर आहे?"

"पप्पांच्या," नवरा म्हणाला.

"मग पप्पांचं पत्र लागेल. नोटरी करून."

"पप्पा सोबतच येणार आहेत ना."

"तरी घ्या. वाटेत म्हाताऱ्या माणसाची तब्येत बिघडली, त्यांना गोरखपूरला ठेवावं लागलं, तर तुम्ही काय करणार?"

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. त्यांच्या डोक्यात हे आलं नव्हतं. तिने विचारलं, "काका, एकटेच चालवणार आहेत हे. पंधराशे किलोमीटर. जमेल?"

आनंदाने नवऱ्याकडे नीट पाहिलं. तिशीचा, गोरा, कारकुनी हाताचा पोरगा. "जमेल," तो म्हणाला. "पण पोचल्यावर आधी झोपू नका. आधी खाली उतरून बघून या. झोप नंतर काढा."

ते दोघं हसले, त्यांना वाटलं काका गंमत करतायत. डायरी मिटून वर गेले. आनंदाने गुडघ्यावर हात टेकून उठायला सुरुवात केली, निम्म्यात थांबला, श्वास घेतला, मग उभा राहिला. पाण्याची वेळ झाली होती, पंप चालू करायचा होता. "बसा गुरुजी," तो म्हणाला, "चहा सांगतो," आणि भिंतीला हात लावत इमारतीच्या मागच्या बाजूला गेला.